मशेरीची डबी आणि दुसरा जीएसटी

मागच्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून बुरोंडीला जाऊन आलो. बुरोंडी म्हणजे दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं मच्छीमारांचं गाव, जिल्हा रत्नागिरी. हल्ली लोकांना ते परशुरामाच्या भल्यामोठ्या पुतळ्यामुळे माहीत असतं. आम्हाला आजीमुळे.

तर झालं असं, की संध्याकाळी आजी पडवीत बसून मशेरी लावत होती. लहानपणापासून बघत आलोय ते. पत्र्याची डबी, त्यातली काळी पूड, डाव्या तळहातावर चिमूटभर, उजव्या हाताचं बोट आणि मग पाच-दहा मिनिटं कोणाशी बोलणं नाही. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरून पूड करायची, ती मशेरी. कोणी मिश्री म्हणतं. भाजताना घरभर असा ठसका लागतो की मांजरसुद्धा बाहेर पळतं. नावाला दात घासायला, पण दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतं?

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "आजी, आता सोड ना हे. कॅन्सर होतो याने."

आजी शांतपणे थुंकून आली आणि म्हणाली, "मेल्या, पन्नास वर्षं लावत्येय. झालं काय मला? माझी सासू लावायची, ती नव्वदीची होऊन गेली. आणि विष मारायला पोटात लिव्हर असतं ना? तूच सांगत होतास दहावीत असताना."

आता आली का पंचाईत! दहावीच्या विज्ञानाचं पुस्तक माझ्यावरच उलटलं. वेळेवर उत्तर काही सुचलं नाही, गप्प बसलो.

पुण्याला परत आलो त्याच आठवड्यात शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. तो बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतोय. म्हणाला, "जीएसटीने वाट लावली रे माझी." मला वाटलं, २०१७ साली आलेला तो कर, आता पीएचडीवाल्यांच्या स्टायपेंडवर पण लावला की काय. तर नाही. त्याचा जीएसटी म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज. लिव्हरमधला विष मारणारा एन्झाइम! तो शोधण्यासाठी त्याने अँटिबॉडीची बाटली मागवली होती. बोटभर उंचीची बाटली, किंमत माझ्या नव्या फोनएवढी. आणि लिव्हरच्या नमुन्यात ती काहीच दाखवत नव्हती.

आजीचा प्रश्न आणि मित्राची बाटली, दोन्ही एकाच एन्झाइमपाशी येऊन थांबले. मग काय, दोन वीकेंड त्यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

*

आधी तंबाखूचं बघू. तंबाखू मूळचा अमेरिकेतला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला. १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशाही दरबारात आला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि नवलाची वस्तू म्हणून चिलमीसकट अकबराकडे नेला. म्हणजे मोगल बादशहाच्या आधी आपल्या दख्खनच्या लोकांना तंबाखूची ओळख झालेली होती. बुरोंडीच्या दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखावर जे दाभोळ आहे, ते तेव्हा याच आदिलशाहीचं मोठं बंदर होतं.

पुढच्या तीनशे-चारशे वर्षांत तंबाखू इतका घरचा झाला की कोकणातल्या आणि घाटावरच्या बायकांनी त्याला दंतमंजन करून टाकलं. बायकांनी बिडी ओढणं लोकांना खटकायचं, पण दात घासण्याला कोण हरकत घेणार? गिरणगावात कामाला गेलेल्या माणसांच्या मागोमाग डबीपण मुंबईला गेली. १९९२ ते १९९४ मध्ये मुंबईत पस्तिशीपुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. त्यात ५७.५ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. धूर काढणाऱ्या जवळजवळ नाहीतच, आणि सगळ्यात जास्त काय, तर मशेरी. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला कसली बंदी लागू होणार?

मुंबईतच परळला या प्रश्नामागे लागलेली माणसं होती. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने हजार रुग्णांचा आढावा छापला. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर इतका का, आणि त्याचा पान-तंबाखूशी संबंध काय, हा प्रश्न त्यांनी मांडून ठेवला. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने परळला कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं. तेच पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं, १९६६ मध्ये हॉस्पिटलबरोबर टाटा मेमोरियल सेंटरमध्ये सामील झालं, आणि २००२ मध्ये खारघरला गेलं.

या संस्थेत डॉ. एस. व्ही. भिडे यांच्या गटाने चक्क मशेरीवर काम केलं. जगात सिगारेटवर हजारो पेपर आहेत. मशेरीवर कोण करणार? जिथे आज्या मशेरी लावतात तिथलेच लोक करणार. १९८८ साली या गटाने मशेरीमुळे प्राण्यांना कॅन्सर होतो का याची तपासणी छापली. १९९१ साली त्याच्याही पुढचा प्रश्न घेतला: मशेरी दीर्घकाळ खाण्यातून दिली तर लिव्हर, फुप्फुसं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या विष हाताळणाऱ्या एन्झाइमचं काय होतं? पांढरे उंदीर, रॅट आणि हॅमस्टर अशा तीन जातींवर त्यांनी ते पाहिलं.

आजीच्या प्रश्नाचा इतका नेमका पेपर असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

*

तो पेपर समजायला लिव्हर काम कसं करतं ते माहीत हवं. दहावीत आपल्याला सांगतात की लिव्हर विषारी पदार्थांचं रूपांतर निरुपद्रवी पदार्थांत करतं. खोटं नाही, पण अर्धवट आहे.

काम दोन टप्प्यांत चालतं. तेलकट, पाण्यात न विरघळणारा परका पदार्थ आला की शरीराला तो लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० नावाचे एन्झाइम त्याच्यावर ऑक्सिजन चिकटवतात, म्हणजे पकडायला एक मूठ बसवतात. दुसऱ्या टप्प्यात जीएसटीसारखे एन्झाइम त्या मुठीला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू जोडतात. ग्लुटाथायोन पाण्यात मस्त विरघळतं. त्याच्याबरोबर विष वाहून जातं.

गडबड आहे ती मधल्या अवस्थेत. काही पदार्थ मूळ रूपात बऱ्यापैकी थंड असतात आणि पहिल्या टप्प्यानंतर भयानक तापट होतात. बेन्झोपायरीन हे याचं नेहमीचं उदाहरण. काहीही सेंद्रिय जाळलं, करपवलं की हे तयार होतं. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी डांबरातून ते वेगळं काढलं. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजला की मशेरीतही ते येतं. पी-४५० ने त्याच्यावर काम केलं की असं रूप तयार होतं जे थेट डीएनएला जाऊन चिकटतं. ते नेमकं कुठलं रूप, हे १९७४ मध्ये लंडनमध्येच सिद्ध झालं. म्हणजे विष मारायला निघालेलं लिव्हर स्वतःच आधी विष बनवतं, आणि जीएसटीने ते वेळेत बांधून टाकलं तर वाचतो. दोन प्रोसेसमधली रेस कंडिशन म्हणा ना! पहिली जोरात चालली आणि दुसरी मागे पडली, तर मधल्या रांगेत साचलेला माल नुकसान करणार.

परळच्या गटाला मशेरी खाल्लेल्या प्राण्यांत जे दिसलं ते साधारण याच दिशेचं होतं. पहिल्या, पेटवणाऱ्या टप्प्याचे एन्झाइम वाढलेले आणि दुसऱ्या, विझवणाऱ्या टप्प्याची बाजू लंगडी. प्रमाण जातीगणिक वेगळं, पण रोख असा. म्हणजे मशेरीने पहारेकरी तगडा होत नाही, उलट त्याचा तोल जातो.

इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. लिव्हरच्या रसात हजारो प्रोटीनं असतात. त्यातलं जीएसटी किती, हे कळतं कसं?

*

एक पद्धत म्हणजे कामावरून ओळखायचं. जीएसटी ज्याच्यावर काम करतो असा पदार्थ परीक्षानळीत घालायचा आणि काम किती वेगाने होतं ते मोजायचं. सोपी, स्वस्त पद्धत. पण जीएसटी हे एकच प्रोटीन नसून एक अख्खं कुटुंब आहे आणि बरेच भाऊ तेच काम थोडंफार करतात. काम झालं हे कळतं, कोणी केलं ते कळत नाही.

दुसरी पद्धत चेहऱ्यावरून ओळखण्याची. तीच अँटिबॉडी.

अँटिबॉडी कोकणातल्या माणसाला परकी नाही. साप चावला की सरकारी दवाखान्यात जी 'सापाची लस' देतात ती खरं तर लस नसते. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी असतात त्या. परळलाच हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलं. मूळ कल्पना १८९० ची, बेहरिंग आणि कितासातो यांची. परक्या प्रोटीनला नेमकं चिकटणारी अँटिबॉडी प्राण्याचं शरीर स्वतः बनवतं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की जी नेमकी चिकटते ती शोधायलाही वापरता येईल. सशाला उंदराच्या लिव्हरमधलं शुद्ध केलेलं प्रोटीन टोचा, सशाच्या रक्तातला सीरम घ्या, आणि तो लिव्हरच्या रसात टाका. जिथे चिकटेल तिथे तुमचं प्रोटीन. आपल्या भाषेत, लिव्हरवर चालवलेली ग्रेप कमांड.

आणि या ग्रेपने जीएसटीच्या बाबतीत जी गंमत केली ती मला सगळ्यात आवडली.

१९६० च्या दशकात तीन वेगवेगळ्या गटांनी उंदराच्या लिव्हरमध्ये तीन वेगवेगळी प्रोटीनं शोधली होती. न्यूयॉर्कला अर्विन एरियास कावीळ अभ्यासत होते. रक्तातलं बिलिरुबिन लिव्हरमध्ये ओढून धरणारं प्रोटीन त्यांच्या गटाला सापडलं, त्याला ते 'वाय' म्हणायचे. फिलाडेल्फियात जेराल्ड लिटवॅक यांना कॉर्टिसॉलचे अवशेष पकडणारं प्रोटीन सापडलं होतं. लंडनमध्ये ब्रायन केटरर यांच्याकडे तिसरं होतं, कॅन्सर करणाऱ्या एका रंगाला चिकटणारं. तिघांचे विषय वेगळे, प्रोटीनांची नावं वेगळी.

मग अँटिबॉडी आमनेसामने आल्या. त्या काळी अशी तुलना साधारण जेलीच्या थरात व्हायची. मधल्या खड्ड्यात अँटिबॉडी, आजूबाजूच्या खड्ड्यांत वेगवेगळे नमुने. दोन्ही बाजूंनी पदार्थ पसरत येतात आणि भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. शेजारशेजारच्या दोन रेघा अखंड जुळल्या तर दोन्ही नमुन्यांत एकच प्रोटीन. इथे अँटिबॉडीचा निकाल असा निघाला, की तिघांची तीन प्रोटीनं म्हणजे एकच प्रोटीन! १९७१ साली लिटवॅक, केटरर आणि एरियास यांनी मिळून 'नेचर'मध्ये पेपर छापला आणि त्याचं नाव ठेवलं लिगँडिन.

ज्यांनी बग ट्रॅकर वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. तीन टीमनी तीन बग नोंदवले, तीन वर्षं तिघंही भांडले, आणि शेवटी दोन डुप्लिकेट म्हणून बंद झाले. :-)

पण गोष्ट इथे संपत नाही. लिगँडिन नुसतं पकडून ठेवणारं प्रोटीन आहे असा समज होता. तिकडे अमेरिकेत बेथेस्डाला विल्यम जकोबी यांच्या प्रयोगशाळेत ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज कुटुंबातली प्रोटीनं एकेक करून शुद्ध करणं चालू होतं. त्यातलं 'बी' नावाचं प्रोटीन आणि लिगँडिन ताडून पाहिलं, तर पुन्हा तेच. १९७४ साली दोन्ही गटांनी मिळून छापलं की लिगँडिन म्हणजेच जीएसटी-बी. जो कावीळवाल्यांना हमाल वाटत होता तोच विष बांधणारा कामगार निघाला.

एकाला चार नावं होती हे जसं अँटिबॉडीने दाखवलं, तसंच एका नावाखाली अनेक लोक आहेत हेही पुढे दाखवलं. १९८५ साली स्वीडनच्या बेंग्ट मॅनरविक आणि सहकाऱ्यांनी जीएसटीचे अल्फा, म्यू आणि पाय असे तीन वर्ग पाडले. त्यासाठी वापरलेल्या पुराव्यांत कुठली अँटिबॉडी कोणाला चिकटते हाही एक होता. त्याआधी वर्षभर, १९८४ मध्ये, जपानी संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट दाखवली होती. रॅटच्या निरोगी लिव्हरमध्ये जवळजवळ न सापडणारा एक जीएसटी कॅन्सरच्या वाटेवर लागलेल्या पेशींच्या ठिपक्यांत भरपूर असतो. त्याची अँटिबॉडी वापरून लिव्हरचा काप रंगवला की गाठ होण्याच्या कितीतरी आधी ते ठिपके उठून दिसतात. एखादा पदार्थ लिव्हरला कॅन्सरकडे नेतो का, हे बघायची ती रुळलेली खूण झाली.

*

आता १९८८ वर या. मशेरीचा कॅन्सरवाला पेपर १९८८ चा, हे वर आलंच आहे. त्याच वर्षी जीएसटीच्या जगात आणखी दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट मेलबर्नची. तिथे शिस्टोसोमा जपोनिकम नावाच्या परजीवी जंताविरुद्ध लस शोधत होते. त्या जंतालाही स्वतःचा जीएसटी असतो. लस बाजूला राहिली, पण स्मिथ आणि जॉन्सन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की या जंताचा जीएसटी कुठल्याही प्रोटीनला शेपटीसारखा जोडला तर ते प्रोटीन शुद्ध करणं एकदम सोपं होतं. ग्लुटाथायोन लावलेल्या मण्यांवरून रस सोडायचा, शेपटी चिकटते, बाकीचं वाहून जातं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही युक्ती उचलली. मग ती शेपटी ओळखणाऱ्या अँटिबॉडीची बाजारपेठ तयार झाली. त्या बाटल्यांवर नाव काय? अँटी-जीएसटी!

आता कळलं ना मित्राचं काय झालं ते? त्याने घाईत घेतलेली बाटली जंताचा जीएसटी ओळखणारी होती. माणसाच्या लिव्हरमधल्या जीएसटीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. बाटली खराब नव्हती, कोणी फसवलंही नव्हतं. नाव सारखं होतं, माणूस वेगळा. तो बिचारा दोन आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता.

जाता जाता एक. शिस्टोसोमाच्या जातीतला जंत माणसात आढळल्याचं भारतात जे एक प्रसिद्ध ठिकाण आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, तालुका गुहागर. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी ते नोंदवलं. जंताची जात वेगळी, पण दाभोळच्या खाडीपलीकडचंच गाव. जग लहान आहे, कोकण त्याहून.

आणि माझ्या मित्राचा गोंधळ अपवाद म्हणावा असाही नाही. २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रोटीनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी एकसारख्या पद्धतीने तपासून निकाल छापले. प्रत्येक प्रोटीनमागे सरासरी सुमारे बारा पेपर असे सापडले की ज्यात वापरलेली अँटिबॉडी ते प्रोटीन ओळखतच नव्हती. म्हणजे पट्टी उमटली, फोटो काढला, पेपर छापला, आणि पट्टी भलत्याचीच.

मग खरी अँटिबॉडी ओळखायची कशी? त्यांची पद्धत साधी आणि कडक होती. ज्या पेशींत ते प्रोटीन आहे आणि ज्यांतून त्याचा जीनच काढून टाकलाय, अशा दोन्ही शेजारी ठेवायच्या. पहिलीत दिसलं पाहिजे आणि दुसरीत दिसता कामा नये. दुसरी अट महत्त्वाची. नेहमी 'पास' म्हणणाऱ्या टेस्टला काही किंमत नसते, हे आम्हाला पहिल्या प्रोजेक्टमध्येच कळतं.

*

१९८८ ची दुसरी गोष्ट इथेच जोडली जाते. म्यू वर्गातला एक जीएसटी, त्याचं आजचं नाव जीएसटीएम-१. काही लोकांच्या शरीरात त्याचं काम दिसायचं आणि काहींच्यात अजिबात नाही, हे आधी लक्षात आलं होतं. १९८८ मध्ये कारण सापडलं. या लोकांकडे तो जीनच नसतो. बिघडलेला नाही, कमी नाही, अख्खा गायब. युरोपी लोकांत जवळपास निम्मे असे आहेत. भारतात प्रमाण त्याहून कमी, पण अशी माणसं आपल्याकडेही भरपूर आहेत. त्यांच्या लिव्हरच्या नमुन्यात जीएसटीएम-१ ची खरी अँटिबॉडी काहीच दाखवत नाही, कारण दाखवायला काही नसतंच. वर सांगितलेली ती दुसरी, रिकामी बाजू निसर्गानेच तयार करून ठेवली आहे म्हणा.

आणि हाच जीएसटीएम-१ बेन्झोपायरीनचं ते तापट रूप बांधणाऱ्यांपैकी एक.

परळच्या मशेरीच्या कामात असलेल्या उर्मिला नायर यांचं नाव पुढे १९९९ च्या एका पेपरवर दिसतं. भारतीय पान-तंबाखू खाणाऱ्यांत, ज्यांच्याकडे हे जीएसटी जीन नाहीत, त्यांना तोंडात पांढरे चट्टे होण्याचा धोका जास्त असल्याचं त्यात आलं. हे चट्टे म्हणजे ल्युकोप्लाकिया, कॅन्सरच्या आधीची पायरी ठरू शकणारे. २००२ मध्ये मुंबईच्याच बुच, नोटानी आणि भिसे यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत जीएसटीएम-१ नसण्याचं प्रमाण जास्त असल्याचं दाखवलं.

म्हणजे एकाच डबीतली मशेरी लावणाऱ्या दोन बायकांमध्ये एकीच्या शरीरात हा पहारेकरी असेल आणि दुसरीच्या शरीरात जन्मापासून नसेल. बाहेरून काही कळत नाही. पहारेकरी असला म्हणजे सुटलो असंही नाही. तंबाखूत विषं एक-दोन नाहीत आणि सगळी याच वाटेने जातही नाहीत.

*

आता आजीला काय सांगू?

तिच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. लिव्हर विष मारतं, पण काही विषं आधी बनवून मग मारतं, आणि मशेरीने तोच तोल बिघडतो. शिवाय मशेरी आधी लिव्हरपाशी जातच नाही. ती तोंडात बसते, हिरडीवर, गालाच्या आतल्या बाजूला. तिथून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बाकीचा मारा तिथल्या पेशींवरच होतो. लिव्हरएवढी तयारी त्या पेशींकडे नसते. पहारेकरी आत माजघरात, आणि चोर पडवीतच.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मात्र मला या अँटिबॉडीच्या भानगडीतून मिळालं. "पन्नास वर्षं लावत्येय, झालं काय मला?" हा पुरावा वाटतो. पण तो म्हणजे नुसती एक उमटलेली पट्टी, शेजारी रिकामी बाजू न ठेवता बघितलेली. सासू नव्वदीची झाली ती आठवते, कारण ती नव्वदीपर्यंत समोर होती. ज्या गेल्या त्यांची मोजदाद पडवीत होत नाही. ती परळच्या हॉस्पिटलातल्या नोंदींत होते. खानोलकरांनी हजार रुग्ण ओळीने घेतले ते उगाच नाही. आजी खोटं बोलत नाही. ज्या पेपरांत चुकीची अँटिबॉडी वापरली गेली ते लिहिणारेही बहुतेक खोटं बोलत नव्हते. जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. जे दिसायला नको होतं ते दिसतंय का, एवढं तपासायचं राहिलं.

हे सगळं फोनवर सांगणं शक्य नव्हतं. म्हणून परवाच्या शनिवारी परत बुरोंडीला गेलो. अँटिबॉडी, जीन वगैरे काही बोललो नाही. मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हटलं, "आजी, आ कर."

डाव्या गालात आतून, जिथे बोट नेहमी जातं तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा आहे. पुसून जात नाही. दुखत नाही म्हणे, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

असे सगळेच चट्टे पुढे कॅन्सर होत नाहीत. १९८६ साली भारतातल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांवरच्या पाहणीचे निकाल आले होते. समजावून सांगितल्यावर लोकांनी सवय सोडली किंवा कमी केली, तिथे नवीन चट्टे होण्याचं प्रमाण घटलं होतं. म्हणजे उशीर झाला म्हणून उपयोग नाही असं नसतं. पण डॉक्टरने बघायलाच हवं, आणि गरज वाटली तर छोटासा तुकडा काढून तपासायलाही हवा. इतकं मी आजीला सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि तुझ्या आईच्या तोंडात बघितलंस का?"

आई मशेरी लावते हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये, बाथरूमचं दार लावून.

सोमवारी रजा टाकली आहे. दोघींना घेऊन दापोलीला डॉक्टरकडे जातोय. तुमच्या घरातही एखादी डबी असेल. मोबाइलला टॉर्च असतोच.